राखेवर हक्क कुणाचा

सकाळी रामकुंडावर या. सिंहस्थाची गर्दी नको, एकादशी नको, साधा वार बघा. कपालेश्वराकडे चढणाऱ्या पायऱ्यांपैकी एखादी कोरडी पायरी शोधून बसा. पाठ जमेल तेवढी सरळ, हात मांडीवर, डोळे उघडे. हे मनन डोळे मिटून करायचं नाही, कारण त्याचा विषयच बघण्याचा आहे. दुसऱ्याचं मरण आपण कसं बघतो, आणि बघता बघता त्यातून स्वतःसाठी काय उचलतो, एवढंच आज मनात धरायचं.

थोडा वेळ काही शोधू नका. भांडी घासल्याचा आवाज येईल, कबुतरं उडतील, कुणीतरी गंगामाईचा जयघोष करील. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. मग एखादं कुटुंब येईल. मोठ्या मुलाच्या हातात लाल फडक्यानं तोंड बांधलेला कलश असेल. तिसऱ्या दिवशी सावडलेल्या अस्थी घेऊन ही माणसं रात्रभराचा प्रवास करून आलेली असतात. गुरुजी त्यांना खाली बसवतील आणि विचारायला लागतील: गोत्र काय, गाव कुठलं, वारले त्यांचं नाव काय, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं. आणि तुम्ही त्यांचे कोण?

हा शेवटचा प्रश्न नीट ऐका. राख हातात घेणाऱ्याला इथे आधी नातं सांगावं लागतं.

तीर्थोपाध्यांच्या घरी जुन्या वह्या असतात. कुठल्या गावचं कोण, कधी, कुणाचं काय करायला आलं होतं, ते त्यांत लिहिलेलं असतं. पणजोबांची सही सापडली की डोळ्यांत पाणी येणारी माणसं पुष्कळांनी पाहिली असतील. शरीर गेलं, राख पाण्यात गेली, तरी नाव कुणाच्या तरी कपाटात राहिलं. त्या नावाचा माणसाला केवढा आधार असतो, हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण आपल्याला तो न मागता मिळालेला असतो.

आता एक श्वास सावकाश सोडा. जिथे राख होती पण नातं सांगायला कुणी उरलं नव्हतं, अशा ठिकाणी मनानं जायचं आहे.

पोलंडमधल्या ट्रेब्लिंका इथल्या नाझी छावणीत 1942 च्या जुलैपासून जेमतेम वर्षभरात सात ते नऊ लाख माणसं मारली गेली, बहुतेक सगळी ज्यू. आगगाडी यायची आणि दोन-तीन तासांत गाडीतली माणसं संपलेली असायची. आधी प्रेतं पुरली, मग पुरावा राहू नये म्हणून उकरून जाळली, राख पुन्हा त्याच खड्ड्यांत ढकलली, छावणी पाडली, जमीन नांगरली. आज तिथे सुमारे 17 हजार दगड उभे आहेत. काही दगडांवर गावांची नावं आहेत, ज्या गावांतले ज्यू तिथे संपले त्या गावांची. माणसाचं नाव असलेला दगड मात्र एकच आहे, तो यानुश कोर्चाक यांचा. वॉर्सात ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत ते अनाथाश्रम चालवायचे. 18 जुलै 1942 ला त्यांच्या मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ नाटक केलं होतं. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट बघतो, ते नाटक. ऑगस्टच्या सुरुवातीला या मुलांना गाडीत घातलं. स्वतःला वाचवता येत असतानाही कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले.

इथे थांबा. संख्या मनात मावत नाही, ती मावावी म्हणून धडपडूही नका. खिडकीशी बसलेल्या एका मुलापाशी थांबलात तरी चालेल.

यापुढचं ऐकायला जड आहे. युद्ध संपलं, आणि ट्रेब्लिंकाच्या आसपासच्या खेड्यांतली माणसं फावडी-कुदळी घेऊन त्या जमिनीवर आली. राख चाळायला लागली. ज्यूंचं सोनं तिथे पुरलेलं आहे, दातांतलं राहून गेलेलं आहे, असा बोलबाला होता. कवट्या वर आल्या, हाडं विखुरली, माणसं खणत राहिली. हे मारेकरी नव्हते. चर्चमध्ये जाणारी, शेती करणारी, साधी माणसं होती.

आपल्या सराफ बाजारातही पहाटे दुकानांपुढची धूळ नि गटारातला गाळ झाडून नेणारे झारेकरी असतात. धुऊन-चाळून सोन्याचा कण मिळवतात. रामकुंडात पोरं पाण्यात बुड्या मारून नाणी काढतात. त्यांच्याकडे मी कधीच वाईट नजरेनं बघू शकत नाही. त्यांना पोट आहे, आणि फेकलेलं उचलण्यात कुणाचं काही हिरावलेलं नसतं. मग ट्रेब्लिंकाच्या राखेवर वाकलेल्या माणसाची गोष्ट वेगळी कशी? तोही गरीबच होता. मला वाटतं, चाळता चाळता हाताला कवटी लागली आणि हात थांबला नाही, तिथे तो वेगळा झाला. भूक माणसाला वाकवते, हे खरं. पण खाली कोण आहे हे दिसूनही पुढचं फावडं मारायला भुकेच्या पलीकडचं काहीतरी लागतं.

आणि ते खेडूत तर शेवटचे. त्यांच्याआधी हेच काम मोठ्या कचेऱ्यांनी टापटिपीनं केलं होतं. मृतांच्या दातांतलं सोनं, अंगठ्या, घड्याळं छावण्यांतून बर्लिनला जायची. एसएस या नाझी संघटनेचा ब्रुनो मेल्मर नावाचा अधिकारी ती रायशबँकेत पोचवायचा. ऑगस्ट 1942 पासून युद्धाच्या शेवटापर्यंत अशा 76 खेपा झाल्या. डेगुसासारख्या कंपनीनं त्यातलं सोनं वितळवून शुद्ध केलं. एकदा लगड झाली की कुणाची अंगठी आणि कुणाचा दात, कळायचा मार्ग उरत नाही. बायकांचे कापलेले केस कारखान्यांना किलोला अर्ध्या मार्कानं विकले जायचे. ऑशविट्झची छावणी मुक्त झाली तेव्हा विक्रीच्या तयारीत असलेले सुमारे सात टन केस सापडले.

किलोला अर्धा मार्क. या आकड्यापाशी थोडं बसा. द्वेषाचं आपल्याला फार मोठं चित्र दाखवलं जातं: झेंडे, मशाली, आरोळ्या. इथे कुणीतरी शांतपणे दर ठरवला, पावती फाडली, गाठोडी मोजली.

पंचवटीत बसून लोभाचा विचार करायचा तर सुवर्णमृग आठवणारच. सीता गुंफा इथून हाकेच्या अंतरावर. त्या गोष्टीतला दोष सीतेच्या माथी मारून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. तिनं हट्ट केला म्हणून सगळं झालं, असं आपण कीर्तनातून ऐकत आलो. आज जरा मारीचाकडे बघा. त्याला सगळं माहीत होतं. रावणाला त्यानं परोपरीनं समजावलं, की हे करू नकोस, यात तुझाही नाश आहे. रावणानं मरणाची धमकी दिली तेव्हा त्यानं सोन्याचं कातडं पांघरलं. हा लोभ त्याचा नव्हता. त्यानं फक्त आपली कला वापरायला दिली.

एरफुर्ट शहरात टॉफ अँड सन्स नावाची भट्ट्या बनवणारी जुनी कंपनी होती. बुखेनवाल्ड नि ऑशविट्झच्या प्रेतदहनाच्या भट्ट्या तिनं बांधल्या. तिचे अभियंते छावणीत जाऊन भट्ट्यांची क्षमता तपासून आले, आणखी प्रेतं कशी जाळता येतील याच्या सुधारणा त्यांनी सुचवल्या. त्यांना मरणाची धमकी कुणी दिलेली नव्हती. कंपनीच्या एकूण उलाढालीत या कामाचा वाटा अगदी थोडा होता. ते सोडून दिलं असतं तरी धंदा बुडाला नसता. म्हणजे मारीचाला जेवढी सबब होती तेवढीही या माणसांना नव्हती. त्या कंपनीच्या इमारतीत 2011 पासून संग्रहालय आहे. आत ड्रॉइंग बोर्ड, पत्रव्यवहार, नकाशे. कुठल्याही चांगल्या कारखान्यात सापडावेत तसे.

आता कलेकडे वळू. हा भाग सगळ्यात अवघड आहे, म्हणून घाई नको.

कार्ल मायकल फॉन हाउसवोल्फ या स्वीडिश कलावंतानं मायदानेकच्या छावणीतल्या भट्टीतून थोडी राख उचलून आणली होती. ती बरीच वर्षं त्याच्याजवळ पडून होती. मग पाण्यात कालवून त्या राखेनं त्यानं चित्रं रंगवली. 2012 मध्ये लुंड गावच्या एका गॅलरीत ती लागली. करड्या रंगाचे उभे पट्टे. त्यात दाटीवाटीनं उभी माणसं दिसतात, असं वाटलं तर वाटावं. लोक संतापले, ज्यू समाजानं निषेध केला, प्रदर्शन बंद झालं. पुढे 2019 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये, जर्मन संसदेच्या जवळच, एका राजकीय कलागटानं खांब उभा केला आणि त्यात बळींचे अवशेष असल्याचं जाहीर केलं. हेतू असा, की सत्तेसाठी अतिउजव्यांशी हात मिळवाल तर काय होतं ते राज्यकर्त्यांना दिसावं. पुन्हा तोच आघात झाला. ज्यू धर्मात मेलेल्याला उकरणं, हलवणं हे घोर मानलं जातं. गटानं माफी मागितली.

राग येत असेल तर येऊ द्या. पण रागावर बसून निकाल देऊ नका. दोघांच्याही मनात, माझ्या समजुतीनं, विसरू नका हेच सांगायचं होतं. विशेषतः बर्लिनच्या खांबामागचा इशारा खोटा नव्हता. मग चूक कुठे झाली? मघाचा गुरुजींचा प्रश्न त्यांना विचारून बघा: तुम्ही त्यांचे कोण? राख हाताळायला परवानगी देणारं कुणी होतं का, तुम्ही ती मागितलीत का? सोनं वितळवणाऱ्यांनी माणसाचं द्रव्य केलं. हेतू कितीही वेगळा असला तरी राखेचा रंग करताना पुन्हा माणसाचं द्रव्यच झालं. मला हा हात नि तो हात एक वाटत नाहीत, पण दोन्ही हातांनी न विचारता घेतलं हेही नाकारता येत नाही.

कुणी म्हणेल, ज्यांचं कुणीच उरलं नाही त्यांच्या वतीनं परवानगी कोण देणार? अख्खी कुटुंबं, अख्खी गावं गेली. त्यांच्यासाठी काहीच करायचं नाही का? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं एक उत्तर समोर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या ओंजळीत आहे. तर्पणात आपल्या पितरांबरोबर ज्यांना पाणी द्यायला कुणीच नाही त्यांनाही पाणी सोडतात. ओलं वस्त्र पिळून पडणारं पाणीसुद्धा निपुत्रिक गेलेल्यांच्या नावानं द्यायची रीत आहे. परक्या मृतांशी नातं जोडायची वाट आहे, फक्त त्या वाटेवर काही घेऊन जायचं असतं. तिथून काही आणायचं नसतं.

म्हणून बोचरी कला नकोच, असं मी म्हणणार नाही. झ्बिग्निएव्ह लिबेरा या पोलिश कलावंतानं 1996 मध्ये लेगोच्या ठोकळ्यांचे खोके तयार केले. खेळण्यांच्या दुकानातल्यासारखेच रंगीत खोके, वर चित्र छळछावणीचं: बराकी, कुंपण, धुराडं, सांगाडे. पुष्कळांना ती क्रूर थट्टा वाटली. मला वाटत नाही. त्यानं कुणाची राख घेतली नाही, कुणाचा दात नाही. त्यानं आपला हात घेतला, दुकानात खोक्याकडे जाणारा. सुटे भाग नीट जुळवण्याचा आनंद माणसाला कुठवर नेऊ शकतो, ते एरफुर्टच्या ड्रॉइंग बोर्डांवर दिसलंच आहे.

याच्या उलट खारघरची गोष्ट. 2006 मध्ये तिथे हिटलरच्या नावाचं उपाहारगृह निघालं. नाव लोकांच्या लक्षात राहतं, एवढंच कारण. मुंबईच्या ज्यू समाजानं, म्हणजे ज्यांच्यातल्या बेने इस्रायली घरांत पिढ्यान् पिढ्या मराठी बोलली जाते त्या आपल्या माणसांनी, जाऊन दुखावल्याचं सांगितलं आणि नाव बदललं गेलं. मालकाच्या मनात द्वेष असेल असं मला वाटत नाही. साठ लाख माणसांचं मरण त्याच्यापर्यंत लक्ष वेधून घेणारी पाटी होऊन पोचलं होतं. स्टेशनाबाहेर फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं, तेही असंच.

आता नजर स्वतःकडे. अपघाताच्या जागी खिशातून फोन काढणारा हात आपलाच असतो. ऑशविट्झला जाऊन आलेल्या माणसाला आपण पहिल्यांदा विचारतो, कसं वाटलं? तोही रंगवून सांगतो, आणि ऐकताना अंगावर आलेल्या काट्याची आपल्याला एक सूक्ष्म गोडी लागते. दुसऱ्याच्या यातनेतून आपल्या संवेदनशीलतेची खात्री करून घेणं, हाही एक लोभच. हे लिहितानाही तो माझ्याजवळ आहे. त्याला हाकलायचं नाही. आहे हे ओळखून बसायचं.

आणि दूरच्या राखेजवळ इतका वेळ बसल्यावर शेजारच्या दाराकडे पाठ करून उठता येणार नाही. काळाराम मंदिर इथून चालत पाच-सात मिनिटांवर. 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानली गेलेली हजारो माणसं मंदिरप्रवेशासाठी त्या दारापाशी आली. दारं बंद करण्यात आली. दादासाहेब गायकवाडांनी तो सत्याग्रह पुढची काही वर्षं धरून ठेवला. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. दोन दुःखं एका तराजूत घालू नका. ट्रेब्लिंका ट्रेब्लिंका आहे आणि काळारामाचं दार काळारामाचं दार. पण मघाशी वह्यांचं कौतुक करताना एक गोष्ट मी बोललो नाही: त्या वह्यांत कुणाची नावं लिहिली गेली आणि कुणाला त्या ओट्याजवळही येऊ दिलं नव्हतं? नाव टिकण्याचं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलेलं नाही, या घाटावरही नाही.

शेवटी एका भारतीय कलावंताकडे जाऊ. विवान सुंदरम् यांनी ऑशविट्झ पाहिलं आणि 1988 च्या सुमारास ‘लाँग नाइट’ ही कोळशाच्या चित्रांची मालिका केली. तिथून काही उचलून आणलं नाही. परत येऊन कागद काळा केला. चारच वर्षांनी मुंबई पेटली. 1992 चा डिसेंबर, 1993 चा जानेवारी. छायाचित्रकार होशी जाल यांनी टिपलेला एक फोटो छापून आला: रस्त्याच्या कडेला पडलेला एक मेलेला माणूस. त्याचं नाव ठाऊक नाही. सुंदरम् यांनी त्या एकाच फोटोभोवती ‘मेमोरियल’ नावाची रचना उभी केली. पत्र्याच्या ट्रंका रचून केलेली कमान, काचेच्या पेट्या, आणि त्यांत तोच फोटो पुन्हा पुन्हा, वर लोखंडी खिळे ठोकलेले. ऑशविट्झच्या संग्रहालयातल्या सुटकेसांवर मालकांची नावं रंगवलेली आहेत. मुंबईच्या या ट्रंकांवर कुठलंच नाव नाही.

हेही प्रक्षोभक आहे. मेलेल्या माणसाच्या चित्रात खिळा ठोकणं सोपं नाही, बघणं त्याहून नाही. फोटो तरी त्यांनी कुणाला विचारून घेतला? विचारायला कुणी नव्हतं. मला तरी तिथे घेणारा हात दिसत नाही. रोजच्या वर्तमानपत्राबरोबर रद्दीत जाणाऱ्या एका माणसाला सुंदरम् यांनी थांबवून धरलं, आणि नंतरची वीस वर्षं ते त्या कामाकडे पुन्हा पुन्हा परत येत राहिले. नात्यातलं माणूसच एवढं करतं.

त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांची संख्या 900 दिली आहे. 575 मुसलमान, 275 हिंदू, इतर 5, आणि 45 जणांपुढे ‘अज्ञात’. अहवाल वाचायला मिळतो. आज घरी गेल्यावर तो काढा. आकड्यांचं पान येईल तेव्हा मोठ्या आकड्यांवरून नजर आपोआप पुढे सरकेल. त्या पंचेचाळिसांवर ती थांबवा, पान उलटायची घाई करू नका, आणि गुरुजींनी विचारलेलं स्वतःला एकदा विचारा. उत्तर लगेच आलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.